वाचकांचे प्रश्न : विज्ञान प्रदर्शनातले संगणक प्रकल्प

प्रदर्शनांचा हंगाम जवळ आला की या सदराच्या टपालाचा नूर बदलतो. यंदा त्यात एका संगणक मंडळाचं पत्र होतं. त्यांना मुलांच्या संगणक प्रकल्पांना बक्षीस द्यायचं आहे. बाकीची पत्रं ते बक्षीस ज्यांना मिळू शकेल अशा मुलांची आणि त्यांच्या शिक्षक-पालकांची. म्हणून या वेळी देणारे आणि घेणारे एकाच पानावर बसवले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

आमचं तालुक्याच्या गावी संगणक मंडळ आहे. तालुका विज्ञान प्रदर्शनात संगणकाशी संबंधित प्रकल्पांना मंडळातर्फे वेगळं बक्षीस द्यायचं ठरलं आहे. हाताशी दहा हजार रुपये आणि चार जाणकार सभासद आहेत. अधिकृत परीक्षणात लुडबुड न करता हे कसं करावं?
— मंडळाचे कार्यवाह, सातारा जिल्हा

आधी पत्र द्या. गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक आणि ज्या शाळेत प्रदर्शन भरणार तिथल्या मुख्याध्यापकांना एक. हे मंडळाचं विशेष बक्षीस आहे, अधिकृत क्रमांकांशी त्याचा संबंध नाही आणि अधिकृत परीक्षक टेबलाशी असताना आमची माणसं तिथे फिरकणार नाहीत, एवढं स्पष्ट लिहा. ही रीत जुनीच आहे. अमेरिकेत १९५० साली फिलाडेल्फियात सुरू झालेला विज्ञान मेळावा आज आयसेफ म्हणून ओळखला जातो. तिथे विषयवार मुख्य बक्षिसं वेगळी आणि निरनिराळ्या संस्थांची विशेष बक्षिसं वेगळी.

मग संगणक प्रकल्प कशाला म्हणायचं ते ठरवा, नाहीतर टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवलेला प्रत्येक जण तुमच्या यादीत येईल. आमची कसोटी साधी आहे. माहिती आत यायला हवी, तिच्यावर काही हिशोब व्हायला हवा आणि त्या हिशोबावरून काहीतरी ठरायला हवं. ज्वालामुखीच्या प्रतिकृतीत लुकलुकणारे दिवे यात बसत नाहीत. पावसाच्या नोंदींवरून बंधारा कधी भरेल याचा अंदाज सांगणारी साधी स्प्रेडशीट मात्र बसते.

आता वेळेचा हिशोब, कारण बहुतेक परीक्षणं इथेच कोसळतात. समजा २४ प्रकल्प आहेत आणि प्रत्येकाला गुण लिहिण्यासकट १५ मिनिटं दिली, तर एका जोडीला सहा तास लागतात. तेवढा वेळ मिळतच नाही, कारण मध्ये जेवण असतं आणि पाहुण्यांचं भाषण असतं. त्यापेक्षा दोन फेऱ्या करा. दोन जोड्यांनी बारा-बारा प्रकल्प वाटून घ्यायचे, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे दोन तास. प्रत्येक जोडीने वरचे तीन द्यायचे. या सहा प्रकल्पांपाशी चौघांनी मिळून पुन्हा जायचं, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे दीड तास. दोन जोड्यांचे गुण थेट एका यादीत मिसळू नका. एक जोडी सढळ असते, दुसरी कडक. सुरुवातीला चौघांनी एकच प्रकल्प एकत्र पाहून आपापले गुण ताडून बघितले, तर हा फरक तिथेच कळतो. ज्याच्या वर्गातला किंवा नात्यातला मुलगा असेल त्याने त्या टेबलापासून लांब राहायचं, हे सांगायला नकोच.

५० गुणांची चिठ्ठी पुरते. प्रश्न नेमका आहे का, याला ५. रीतीला १०. चालतं का आणि आतली जोडणी किंवा कोड नीट आहे का, याला १०. स्वतः घेतलेल्या चाचण्या आणि त्यांचे आकडे यांना १०. संवादाला १५. संवादाचं वजन जास्त वाटेल, पण आयसेफमध्येही १०० पैकी २५ गुण मुलाखतीचे आणि भित्तिपत्रकाला फक्त १० आहेत. फ्लेक्स छापून देणारा दुकानदार गावात असतोच. संवाद मात्र विकत मिळत नाही.

पैशांचं म्हणाल तर मानचिन्हं नकोत. प्रत्येकी पंधराशेची पाच बक्षिसं वस्तूंच्या रूपात द्या: बोर्ड (आर्डुइनोसारखा, प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक), दोन-तीन सेन्सर, वीज मोजणारा मल्टिमीटर. मल्टिमीटर हे सगळ्यात दुर्लक्षित बक्षीस आहे. ज्या घरात तो पोचतो तिथला पुढचा प्रकल्प सुधारतो. उरलेल्या अडीच हजारांत प्रमाणपत्रं आणि प्रत्येक सहभागी मुलाला अभिप्रायाची चिठ्ठी. 'छान प्रयत्न' असं लिहायचं नाही. 'सेन्सर दोनदाच तपासला, वीस वेळा तपासायला हवा होता' असं लिहायचं. प्रकल्प दोघांचा असेल तर वस्तू दोन घ्या. एका बोर्डाचे दोन मालक झाले की तो शाळेच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो.

आमच्या नववीच्या मुलींनी आर्डुइनोवर ठिबकसाठी स्वयंचलित यंत्रणा केली आहे. माती सुकली की पंप सुरू होतो. शाळेत उत्तम चालतं. गेल्या वर्षी प्रदर्शनात मात्र पंप सुरू झाला की पडद्यावर अगम्य चिन्हं यायची, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि ओल्या मातीलाही 'कोरडी' म्हणायचा.
— विज्ञान शिक्षिका, जळगाव जिल्हा

हे एक दुखणं नाही, दोन आहेत. एक विजेचं, दुसरं मातीचं.

विजेचं आधी. पंप बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवरूनच चालवला असणार. आर्डुइनोचा युनो बोर्ड यूएसबीवर असतो तेव्हा त्यातून ५०० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह घेता येत नाही, तिथे तशी फ्यूजच असते. छोटा बुडता पंप चालताना त्यापेक्षा बराच कमी घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी झटका मोठा असतो. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं, पडद्याची चिप गोंधळते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. शाळेत चांगला चार्जर आणि आखूड वायर असते. प्रदर्शनात कुणाच्या तरी लॅपटॉपचं पोर्ट आणि दीड मीटरची बारीक वायर. तेवढा फरक पुरतो.

पंपाला स्वतंत्र ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर द्या. पंप ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेटने (स्विचचं काम करणाऱ्या भागाने) चालवत असाल तर दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकमेकांना जोडायला विसरू नका, त्याशिवाय पंप सुरूच होणार नाही. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा बसवा. त्याच्यावरचा पांढरा पट्टा धन बाजूला यायला हवा. बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नका. ती घड्याळासाठी आणि मल्टिमीटरसाठी ठीक, मोटरीपुढे ती काही मिनिटांत मान टाकते. पॉवर बँकेतही गोम आहे. बोर्ड एकटा इतका कमी प्रवाह घेतो की अनेक पॉवर बँका 'इथे कुणी नाही' असं समजून आपोआप बंद होतात. दोन पायांचा मुकाट चार्जर बरा.

आता माती. दोन काट्यांचा उघड्या धातूचा सेन्सर वापरला असेल तर त्याचे काटे हातात घेऊन पाहा. एका काट्यावरचा मुलामा गेलेला आणि खाली हिरवट-काळं दिसेल. सतत वीज सोडली की ओल्या मातीत धातू झिजतो, आणि तोच काटा पुढच्या आठवड्यात वेगळा आकडा देतो. तो बदलून कपॅसिटिव्ह सेन्सर (धातू उघडा नसलेली पट्टी) घ्या. जुनाच वापरायचा असेल तर त्याला सतत वीज नको. एका डिजिटल पिनवरून वीज द्या, वाचा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा.

कपॅसिटिव्ह सेन्सरची एक खोड माहीत असू द्या. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पट्टीवर ३.३ व्होल्टचा स्वतःचा रेग्युलेटर असतो. म्हणजे पट्टीचं उत्तर स्थिर, पण आर्डुइनो ते उत्तर आपल्या ५ व्होल्टच्या मापाने मोजतो. ते माप ४.६ वर आलं की ५०० चा आकडा साधारण ५४३ दिसतो. या सेन्सरमध्ये मोठा आकडा म्हणजे कोरडी माती. तुमची ओली माती कोरडी ठरण्यामागे हे एक कारण असू शकतं. मल्टिमीटरने ५ व्होल्टची पिन मोजून पाहिली की खात्री होईल.

दुसरं कारण काळी माती. ती सुकताना आकसते, भेगा पडतात आणि पट्टीभोवती हवेची फट राहते. खालची माती ओली असली तरी सेन्सरला हवाच दिसते. कुंडी आदल्या दिवशी भरा, पट्टीभोवतीची माती बोटाने दाबून घ्या आणि पाणी घालून मुरू द्या.

आणि 'कोरडी' म्हणजे किती, हे आकड्यात हवं. दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली, चाळलेली ५०० ग्रॅम माती घ्या. त्यात ५० मिलिलिटर पाणी घालून नीट कालवा, डब्याला झाकण लावून अर्धा तास ठेवा, मग अकरा वेळा वाचन घेऊन मधला आकडा लिहा. पुन्हा ५० मिलिलिटर. असे चार टप्पे केले की वजनाने १०, २०, ३०, ४० टक्के ओलावा आणि त्यासमोर सेन्सरचे चार आकडे मिळतात. कोरड्या मातीचा पाचवा. या पाच बिंदूंचा आलेख भित्तिपत्रकावर लावा. मुलींच्या घरी शेती असेल तर यातली कुठली माती वाफशावर आहे ते आजोबांना हातात घेऊन सांगायला लावा आणि तो बिंदू आलेखावर खूण करून दाखवा. पंप सुरू आणि बंद करायला दोन वेगळे आकडे ठेवा, उदाहरणार्थ २० टक्क्यांना सुरू आणि २६ ला बंद. एकच आकडा ठेवला की सीमेवर रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टकटकत बसतो.

मी आठवीत आहे. टोमॅटोच्या पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारा प्रकल्प टीचेबल मशीनवर (फोटो दाखवून संगणकाला ओळखायला शिकवणाऱ्या गुगलच्या साधनावर) केला आहे. अचूकता ९८ टक्के येते. पण शाळेच्या प्रदर्शनात सरांनी कॅमेऱ्यापुढे हात धरला तर 'करपा' असं उत्तर आलं. सगळे हसले. काय चुकलं?
— विद्यार्थी, नाशिक

तुझ्या सरांनी फार चांगला प्रश्न विचारला, फक्त तोंडाने नाही.

तू मशीनला दोनच खाने दिले असणार, 'निरोगी' आणि 'करपा'. पुढे काहीही आलं तरी त्याला १०० टक्के या दोघांतच वाटून द्यावे लागतात. 'मला माहीत नाही' असं म्हणायची त्याला सोय नाही. म्हणून तिसरा खाना कर: 'पान नाही'. त्यात हात, टेबल, वही, रिकामी कुंडी, शर्ट असे फोटो घाल. तरी चुका होतील, पण कमी.

९८ टक्क्यांचं कोडं मात्र वेगळं आहे. टीचेबल मशीन तुझ्या फोटोंपैकी ८५ टक्के शिकायला घेतं आणि १५ टक्के परीक्षेला ठेवतं. वाटणी फोटोंची होते, पानांची नाही. तू एकाच पानाचे दहा फोटो काढले असशील, तर त्यातले आठ-नऊ शिकायला गेले आणि एखाद-दुसरा परीक्षेत आला. प्रश्नपत्रिका आधीच पाहिलेल्या मुलासारखं झालं ते.

हे असं कर. प्रत्येक प्रकारची ४० पानं गोळा कर, शक्यतो वेगवेगळ्या झाडांची आणि दोन-तीन वेगळ्या शेतांतली. प्रत्येक पानाला नंबर दे. एका पानाचे पाच फोटो काढ. १ ते ३० नंबरची पानं शिकवायला, म्हणजे १५० फोटो. ३१ ते ४० नंबरची पानं परीक्षेला, म्हणजे ५० फोटो, आणि हे ५० टीचेबल मशीनला आधी अजिबात दाखवायचे नाहीत. शिकवून झाल्यावर ते एकेक करून दाखव आणि वहीत तक्ता भर: खरं काय होतं, मशीन काय म्हणालं. निरोगीला करपा किती वेळा म्हणालं आणि करप्याला निरोगी किती वेळा, हे दोन आकडे वेगळे लिही. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरी चूक महाग आहे, कारण रोग तसाच पसरतो.

मग पार्श्वभूमी तपास. निरोगी पानं घरी पांढऱ्या कागदावर आणि करप्याची पानं शेतात झाडावरच, असे फोटो काढले असतील तर मशीन पान बघतच नाही, कागद आणि माती बघतं. परीक्षा सोपी आहे: नुसत्या पांढऱ्या कागदाचा फोटो दाखव. 'निरोगी' असं उत्तर आलं तर चोर सापडला.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोठ्या लोकांचंही असंच होतं. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या ५४,३०६ फोटोंचा संग्रह आहे, १४ पिकांचा. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या एका मशीनने त्याच संग्रहातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूक उत्तरं दिली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर तोच आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. संशोधकांनी हे दोन्ही आकडे छापले. तूही तुझे दोन्ही आकडे भित्तिपत्रकावर लाव, आणि ज्या पानांवर मशीन चुकलं त्यातली चार फोटोसकट चिकटव. नव्या पद्धतीने अचूकता ९८ वरून ७४ वर आली, असं तू सांगितलंस तर जाणकार परीक्षक तिथेच थांबतो.

जाता जाता: मॉडेल आधीच डाउनलोड करून लॅपटॉपवर ठेव. सभागृहात नेट असेलच असं समजू नकोस.

माझ्या मुलीच्या शाळेत बऱ्याच मुलांचा कोड एआयने लिहिलेला असतो. काहींचा वडिलांनी. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलांवर अन्याय होत नाही का? परीक्षकांना हे कळतं का?
— पालक, ठाणे

कळतं, आणि त्यासाठी कोड वाचावाही लागत नाही. मूल एआयची मदत घेतं यात आम्हाला गैर वाटत नाही. अर्जावर 'कुणाची, कशासाठी मदत घेतली' असा एक रकाना मंडळाने ठेवावा, आणि त्यात वडील, ताई, शिकवणीचे सर, एआय या सगळ्यांना एकच न्याय लावावा. लपवलं तर गुण जातील, सांगितलं तर जाणार नाहीत.

प्रश्न मात्र नेमके हवेत. 'हे कसं चालतं?' असं विचारलं की पाठ केलेला परिच्छेद ऐकायला मिळतो. त्याऐवजी कोडमधल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवा: इथे १० का आहे, ५० केलं तर काय दिसेल? ज्याने तो आकडा बदलून पाहिला आहे तो लगेच सांगतो, बहुतेक वेळा हसून, कारण तेव्हा काहीतरी फसलेलं असतं. किंवा विचारा, सेन्सरची ही पिवळी वायर आता काढली तर पडद्यावर किती येईल? न केलेला मुलगा 'शून्य' म्हणतो. केलेल्याला माहीत असतं की सुटलेली अ‍ॅनालॉग पिन शून्य दाखवत नाही, आकडे उगाच हेलकावे खातात. तिसरी रीत, एक छोटा बदल तिथेच करायला सांगा: पाच सेकंदांचे दहा करून दाखव. दोन मिनिटं द्या आणि तेवढा वेळ परीक्षकांनी पाठ फिरवून उभं राहावं. खांद्यावरून बघणारं कुणी असलं की येतं तेही विसरतं.

रोजची वही हा सगळ्यात चांगला पुरावा. तारीख, काय केलं, काय चाललं नाही. एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेली वही ओळखू येते, आणि त्यात चुकलेलं काहीच नसतं.

ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या बोर्डावर हवेचं तापमान आणि धूर मोजून मोबाइलवर दाखवतो. घरी चालतं, सभागृहात कनेक्टच होत नाही. एकदा कनेक्ट झालं तर धुराचा आकडा अडकून बसला.
— दहावीतला विद्यार्थी, कोल्हापूर

ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय कळतो. तुझ्या नव्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर बोर्डाला तो दिसतच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदल. त्याहून चांगलं म्हणजे बोर्डालाच अ‍ॅक्सेस पॉइंट कर, मग फोन थेट बोर्डाला जोडला जाईल आणि सभागृहाच्या नेटशी काही देणंघेणं उरणार नाही.

अडकलेल्या आकड्याचं कारण बहुधा पिन. या चिपमध्ये अ‍ॅनालॉग वाचणारे दोन गट आहेत, आणि वायफाय चालू झाला की दुसऱ्या गटातल्या पिनांवरून वाचता येत नाही. धुराची वायर २५, २६ किंवा २७ वर असेल तर ती ३२ ते ३९ मधल्या पिनवर आण आणि कोडमध्ये क्रमांक बदल. वायफाय बंद ठेवून चाचणी केली की हा दोष कधीच दिसत नाही. आणखी एक जप: या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही. धुराच्या सेन्सरचं मॉड्यूल ५ व्होल्टवर चालत असेल तर मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवून घे: सेन्सरकडे १० किलोओहम, ग्राउंडकडे १५.

माझ्या प्रकल्पात ना दिवा लागतो ना मोटर फिरते. बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट या यादी क्रमाने लावण्याच्या दोन रीतींची तुलना केली आहे. लोक लॅपटॉपकडे बघून पुढे जातात. असा प्रकल्प प्रदर्शनात चालतो का?
— अकरावीतली विद्यार्थिनी, बेळगाव

चालतो, आणि मंडळाचं बक्षीस खरं तर अशाच प्रकल्पांसाठी हवं, कारण इतर परीक्षक यांच्यापुढून निघून जातात.

लॅपटॉप मागे सरकव आणि पुढे १६ पत्ते ठेव. येणाऱ्याला पिसायला सांग. बबलच्या रीतीने, मध्ये न थांबता, लावायला १२० तुलना लागतात. मर्जने जास्तीत जास्त ४९. पाहुण्याला मोजू दे, वीस-तीस तुलनांनंतर तो स्वतःच कंटाळेल आणि तुझा मुद्दा त्याच्या हाताला कळेल. मग मोठे आकडे दाखव: १,००० नोंदींना बबल ४,९९,५०० तुलना करतो, २,००० ना १९,९९,०००, ४,००० ना ७९,९८,००० आणि ८,००० ना ३,१९,९६,०००. नोंदी दुप्पट, काम चौपट. ८,००० नोंदींना मर्जचं अगदी वाईटातलं वाईट ९५,८०९ तुलनांवर थांबतं.

वेळ मोजताना तीन चुका हमखास होतात. पहिली, तीच यादी पुन्हा वापरणं. पहिल्या फेरीत यादी क्रमाने लागली, दुसऱ्या फेरीपासून तू आधीच लावलेली यादी लावते आहेस, आणि सरासरी खोटी येते. प्रत्येक फेरीला मूळ यादीची नवी प्रत घे. दुसरी, मोजणीच्या आत छापण्याची ओळ राहणं. पडद्यावर छापायला जो वेळ लागतो त्यात लावण्याचा वेळ बुडून जातो. तिसरी, स्वतः लिहिलेल्या मर्जची पायथनच्या तयार सॉर्टशी शर्यत. तो आतून सी भाषेत आहे, ती बरोबरीची लढत नाही.

प्रत्येक आकाराला ३० फेऱ्या, मधलं मूल्य, लॅपटॉप चार्जरला लावलेला, बाकी सगळं बंद. बॅटरीवर आला की लॅपटॉप स्वतःला आवरतो आणि आलेखाला मध्येच कुबड येतं.

प्रमाणपत्रांवर दरवर्षी मुलांची नावं चुकतात. यादी शाळांकडून येते, आम्ही छापतो, आणि समारंभात पालक नाराज होतात. काय उपाय?
— संगणक मंडळाचा सभासद, अहिल्यानगर जिल्हा

यातल्या निम्म्या चुका माणसांच्या आणि निम्म्या फॉन्टच्या. शाळांकडून येणारी यादी अजूनही कधी कधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. ती तुमच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसते, आणि ती 'बदलून' घेताना जोडाक्षरं मोडतात. यादी युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत) मागा. फॉर्म ऑनलाइन भरून घेतलात तर हा त्रास उरतच नाही. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादीची फाइल) काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, साधा सीएसव्ही निवडलात तर सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात.

मग मराठीची खास अडचण: कुऱ्हाडे, गोऱ्हे, तऱ्हाळे. हा अर्धा र साधा र आणि ह जोडून येत नाही, तसं केलं की 'कुर्हाडे' होतं आणि रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग ह, असं टाइप करायचं. फॉन्ट निवडताना हीच तीन आडनावं छापून पाहा. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी चालतात.

छपाईसाठी वर्डमधलं किंवा लिबरऑफिसमधलं मेल मर्ज (यादीतलं एकेक नाव आपोआप भरून छापणारी सोय) वापरा. रकाने चार ठेवा: पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, प्रकल्पाचं नाव. सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब शाळा यांचं प्रमाणपत्र आधी एक छापून बघा, कारण 'माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालय' दुसऱ्या ओळीवर उतरलं की खालची सही झाकते. आणि यादी मुख्याध्यापकांकडून नाही, प्रदर्शनाच्या सकाळी टेबलाटेबलावर फिरून त्या मुलांकडूनच तपासून घ्या. कागद हातात द्या, नाव वाचायला सांगा, शेजारी सही घ्या. चोवीस टेबलांना अर्धा तास लागतो, आणि छपाई दुपारी करता येते.